उपप्रश्न की पुरवणी प्रश्न?

नौपाडाकर: ठाण्यात आमच्या वाचनालयातर्फे मुलांची अभिरूप संसद भरते आहे. लोकसभेच्या नियमांची छोटी पुस्तिका मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. मंत्र्यांचं उत्तर झालं की सदस्य उभा राहून लगेच जो पुढचा प्रश्न विचारतो, ती 'सप्लिमेंटरी', तिला मी 'उपप्रश्न' लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी खोडून 'पुरवणी प्रश्न' केलं. म्हणाले, पुरवणी मागण्या चालतात तर हे का नको? मी तर बातम्यांत उपप्रश्नच ऐकत आलोय.

वाशीकर: तुमचंच बरोबर. पुरवणी म्हणजे कमी पडलं म्हणून जोडलेलं. उत्तरपत्रिका भरली की पुरवणी मागतो, अर्थसंकल्पातले पैसे पुरले नाहीत की पुरवणी मागण्या येतात. इथे काय कमी पडलंय? नियम ५० प्रमाणे हा प्रश्न दिलेल्या उत्तरातल्या वस्तुस्थितीचा अधिक खुलासा करून घेण्यासाठी असतो.

कळव्याची वाचक: मग 'उप' तरी कसा बसतो? उपअभियंता, उपमुख्यमंत्री, सगळीकडे एक पायरी खाली. मूळ प्रश्नाची सूचना पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे मंत्री तयारीनिशी येतात. उपप्रश्न आधी कळवावा लागत नाही. खरी कसोटी तिथेच लागते, आणि त्यालाच आपण दुय्यम ठरवायचं?

कोपरी: ताई, 'उप' म्हणजे जवळसुद्धा. उपनयन, उपासना, उपनिषद. मूळ प्रश्नाला लागून येतो तो उपप्रश्न. माझे वडील विधानभवनात लघुलेखक होते. 'आज एकाच तारांकितावर उपप्रश्नांची रांग लागली, हात दुखून आला' असं घरी येऊन सांगायचे. ज्यांनी हा शब्द रोज कागदावर उतरवला त्यांच्याकडून तो घ्यावा.

खारघरचा बाबा: तारांकितावरून आठवलं. मुलाने विचारलं, पंचतारांकित हॉटेलसारखा हा जास्त भारी प्रश्न का? त्याला समजावलं की तोंडी उत्तर हवं असेल तर प्रश्नावर तारा काढायचा, म्हणून तारांकित. लोकसभेत दिवसाला असे २० येतात. अतारांकित २३०, त्यांना लेखी उत्तर मिळतं आणि उपप्रश्न नाही. पण खूण तारकेची, मग 'तारकांकित' नको का?

कोपरी: संस्कृतात तारा म्हणजेही चांदणी. तारांकित निर्दोष आहे.

पाचपाखाडी: वर 'खुलासा' आलाय, तो अरबी. पुस्तिका मुलांच्या हातात जाणार आहे, 'स्पष्टीकरण' लिहा. 'महापौर', 'दिनांक' हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोकांना जड वाटले होते, आज कुणाला वाटतात?

वाशीकर: खुलासा अरबीत 'सार'. आपण त्याचा अर्थ बदलून तो आपला केला. 'हरकत'चंही तेच. मुळात हालचाल, हिंदीत खोडी, आणि मराठीत आक्षेप. विकास आराखड्यावर महापालिका 'हरकती व सूचना' मागवते तेव्हा ती नोटीस कुणाला परकी वाटते? सभागृहातला 'हरकतीचा मुद्दा' काढून 'आक्षेपबिंदू' म्हणायचं का?

पाचपाखाडी: बिंदू मी म्हटलं नाही. 'आक्षेपाचा मुद्दा' म्हणा, काय बिघडतं?

कळव्याची वाचक: बिघडतं. आक्षेप माणसावरही घेतात. हरकतीचा मुद्दा हा कामकाज नियमाला धरून चाललंय की नाही एवढ्यापुरताच असतो. मुलांना हाच फरक शिकवायचाय.

नौपाडाकर: पुस्तिका गुरुवारी छपाईला जाते आहे. सर अजून 'पुरवणी'वर ठाम आहेत. 'उप म्हणजे जवळ' हे त्यांना पटेल असं वाटत नाही.

खारघरचा बाबा: गुरुवारच्या आत एक सांगा. अतारांकिताचं उत्तर 'सभागृहाच्या पटलावर ठेवतात' की 'मेजावर'? मेज फारसी म्हणून पटल आलं का?

पाचपाखाडी: पटलच! शाळेत आपण फळ्याला कृष्णपटल म्हणायचो की.

कोपरी: आमच्या शाळेत फळाच होता.