मदत हवी आहे : कमी स्पीडला गाडी झटके मारते, मॅपिंग (इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं पेट्रोलचं सेटिंग बदलणं) करून घेऊ का?

मंडळी, माझी बाईक २०० सीसीची, बीएस६, इंजेक्शनवाली. सोलापुरात सात रस्त्याच्या गर्दीत दुसऱ्या गिअरला हळू चाललो असताना रेस पूर्ण सोडून परत जराशी दिली की आधी काहीच होत नाही आणि मग एकदम झटका बसून चेन खडकन वाजते, मागं बसलेली आई दर वेळी खांदा घट्ट धरते. गिअर टाकतानाही तेच, क्लच सोडेपर्यंत आरपीएम पार खाली आलेले असतात. होटगी रोडला मोकळं सुटून ४००० च्या वर गेलं की मात्र गाडी लोण्यासारखी पळते.

चेनचा ताण बरोबर आहे, रेसच्या केबलचा प्ले (ढिलाई) २-३ मिमी, एअर फिल्टर आणि प्लग नवीन.

मी वाचलं त्यावरून रेस सोडली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल बंद करतो, परत चालू करताना हा धक्का बसतो, त्यात कमी रेसला ओटू सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बघून हवा-पेट्रोलचं मिक्श्चर १४.७ ला १ च्या आसपासच धरून ठेवतो. एक मेकॅनिक म्हणतो ईसीयू फ्लॅश कर (म्हणजे त्यातलं सॉफ्टवेअर बदल), दुसरा म्हणतो पेट्रोलचं प्रमाण बदलणारा वेगळा फ्युएल कंट्रोलर लाव. मला पॉवर वाढवायची नाहीच, फक्त सुरुवातीची रेस मऊ पाहिजे.

तर प्रश्न असा की नुसता कमी रेसचा भाग थोडा रिच (पेट्रोल जास्त) केला तर सेन्सर ते परत लीन (पेट्रोल कमी) करून टाकणार नाही का? पीयूसीला अडचण येते का? आणि सोलापुरात कुणाकडं डायनोवर (गाडी रोलरवर पळवून मोजायचं मशीन) ट्यून करून मिळतं का, की पुण्यालाच जावं लागेल? ज्यांनी स्वतःच्या गाडीला केलंय त्यांनी प्लीज सांगा.