सिंगल प्लेअर गेम संपले म्हणता, ते कुणाच्या हिशोबाने?

सेव्हपॉइंट

कॉलेजच्या ग्रुपवर परवा पुन्हा तेच वाक्य आलं: "आता एकट्याने गेम कोण खेळतं? सगळा पैसा मल्टिप्लेअरमध्ये आहे." पैशाचं म्हणाल तर मान्य. पण पैसा तिकडे आहे म्हणजे लोकांना एकट्याने खेळायचंच नाही, हे जे लगेच मागे जोडलं जातं, त्याला माझी हरकत आहे.

ईए कंपनीचंच घ्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांनी व्हिसेरल गेम्स हा स्टुडिओ बंद केला. तिथे एमी हेनिग यांच्या देखरेखीखाली स्टार वॉर्सचा एक कथाप्रधान सिंगल प्लेअर गेम तयार होत होता. कंपनीचं म्हणणं साधारण असं की बाजार बदलतोय, लोक पुन्हा पुन्हा येऊन खेळतील असं काहीतरी हवं. पुढच्याच महिन्यात त्यांचा बॅटलफ्रंट २ आला. भर मल्टिप्लेअरवर, सोबत लूट बॉक्स, म्हणजे पेटी विकत घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर. त्यावरून एवढी बोंबाबोंब झाली की गेमच्या आत पैसे घेणं प्रकाशनाच्या आदल्या रात्री बंद करावं लागलं. मग नोव्हेंबर २०१९ मध्ये याच कंपनीने स्टार वॉर्सचाच जेडाय: फॉलन ऑर्डर काढला. एकट्याने खेळायचा, बॅटल पास (दर सीझनला पैसे भरून बक्षिसं मिळवायची सोय) नाही, आत दुकान नाही. तो खपला, २०२३ मध्ये त्याचा पुढचा भागही आला. एवढं होऊन जून २०२२ च्या अखेरीला ईएच्या ट्विटर खात्यावरून टिंगल कुणाची, तर 'माणूस दहापैकी दहा, पण फक्त सिंगल प्लेअर खेळतो' म्हणून आमची! त्यांच्याच कंपनीतल्या लोकांनी कपाळाला हात लावला.

गिऱ्हाईक कमी झालेलं नाही. गिऱ्हाईक एकदाच पैसे देतं, ही खरी अडचण आहे. सिंगल प्लेअर गेम पहिल्या काही आठवड्यांत खपतो आणि मग उतरत जातो. शेअर बाजाराला दर तिमाहीला चढता आकडा लागतो. म्हणजे ताट जेवून, पैसे देऊन उठणारा माणूस नको, महिन्याची खानावळ लावणाराच हवा.

आणि या हव्यासापायी काय झालं तेही पाहा. आर्कहॅमचे बॅटमॅन गेम करणाऱ्या रॉकस्टेडीने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुइसाइड स्क्वॉड आणला, चौघांनी मिळून खेळायचा, लाइव्ह सर्व्हिस, म्हणजे प्रकाशनानंतरही नवा माल घालत ऑनलाइन चालवत ठेवायचा. वॉर्नर ब्रदर्सने त्यावर २० कोटी डॉलरचा फटका बसल्याचं जाहीर केलं. त्याच्या आदल्या वर्षी त्याच वॉर्नरचा हॉगवर्ट्स लेगसी दोन कोटींहून जास्त खपला होता, आणि त्यात मल्टिप्लेअर नावालाही नाही. सोनीचा कॉन्कॉर्ड तर २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. सगळ्यांचे पैसे परत.

तेव्हा 'लोकांना नकोय' हे कारण निदान मला तरी सांगू नका.

रश_बी

साहेब, यादी झकास निवडलीत. मेलेले सगळे मल्टिप्लेअर, जिवंत सगळे सिंगल प्लेअर!

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात 'आत्ता किती जण खेळतायत' ती यादी उघडा. वर्षानुवर्षं तीच नावं वर दिसतील, काउंटर-स्ट्राइक, डोटा, पब्जी. कॉन्कॉर्ड आपटला त्याच वर्षी त्याच सोनीचा हेलडायव्हर्स २ बारा आठवड्यांत १ कोटी २० लाख खपला. तो सोयीस्करपणे राहिला वाटतं?

बरं, सिंगल प्लेअरवाल्यांची घडी तरी कुठे बसलीय? डिसेंबर २०२३ मध्ये हॅकर्सनी सोनीच्या इन्सोम्नियॅक स्टुडिओची कागदपत्रं फोडली, त्यात स्पायडर-मॅन २ चं बजेट ३० कोटी डॉलरच्या आसपास निघालं. एका गेमला! पंचवीस-तीस तासांत माणूस तो संपवतो आणि विचारतो, पुढचा कधी? असला धंदा तुम्ही स्वतःच्या पैशांनी कराल का, ते सांगा.

आणि जरा आपल्याकडे बघा. प्लेस्टेशनचा नवा गेम ४,९९९ रुपये. मशीनचे वेगळे. बीजीएमआय (पब्जीचा भारतातला मोबाइल अवतार) फुकट, बापाच्या जुन्या फोनवर चालतो. आमच्या गल्लीतल्या पोरांना रेड डेड काय चीज आहे हे ठाऊक नाही, पण "डावीकडे एक नॉक आहे, रश करू नको, आधी मला रिव्हाइव्ह दे" हे झोपेतही बोलतात. इंडस्ट्री त्यांच्यामागे जाणार, तुमच्यामागे नाही.

पांढरा_रस्सा

रश_बी, +१. मुलं बागेत बाकावर बसून रूम आयडी, म्हणजे एकत्र खेळायचा कोड, वाटतात. हल्लीचं मैदान तेच आहे.

सेव्हपॉइंट

रश_बी, हेलडायव्हर्स मुद्दाम गाळला नाही. चांगला गेम आहे, किंमतही बेताची ठेवली होती. पण २०२२ मध्ये सोनीने मार्च २०२६ पर्यंत दहाहून जास्त लाइव्ह सर्व्हिस गेम आणू म्हटलं होतं. त्यातला डोळ्यांत भरेल असा हाच एक. बाकीच्यांत किती स्टुडिओंची वर्षं गेली?

रॉकस्टार कंपनीचे दोन गेम शेजारी ठेवून बघा. जीटीए ५ २०१३ चा, २० कोटींच्या वर खपलाय. त्याचं ऑनलाइन इतकं चाललं की मूळ कथेला पुढे एकही भाग जोडला गेला नाही. एकट्याने खेळायची तिघा नायकांची गोष्ट २०१३ मध्ये सोडली तिथेच आहे. उलट रेड डेड रिडेम्प्शन २ चं ऑनलाइन जमलं नाही, २०२२ मध्ये त्याचे मोठे अपडेट थांबवल्याचं कंपनीनेच सांगितलं. गेम मात्र अजून खपतोय, सहा कोटींच्या पुढे गेला. निव्वळ त्याच्या नायकासाठी, आर्थर मॉर्गनसाठी, लोक तो आजही विकत घेतात. मल्टिप्लेअर चाललं की कथेवर गदा, नाही चाललं तरी कथा गेमला तगवते. मग इंडस्ट्री कुणाच्या जिवावर चाललीय म्हणायची?

रश_बी

जीटीए ६ ला जे पैसे लागतायत ना, त्यांच्या जिवावर. आणि ते ऑनलाइनमधून आलेत!

चांदणी

तुम्ही दोघं भांडताय त्यात माझा गेम कुठेच बसत नाही.

मी श्टुटगार्टला, धाकटा भाऊ सांगलीला. फोनवर आमचं बोलणं म्हणजे "जेवलीस का?", "थंडी आहे का?", "बरं, आईला देतो." संपलं. मग आम्ही इट टेक्स टू खेळायला लागलो. तो दोघांनीच खेळता येतो, एकट्याला सुरूच होत नाही. एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फुकट खेळता येतो, त्यामुळे भावाला खर्च नाही. एका टप्प्यात माझ्या हातात हातोडा आणि त्याच्याकडे खिळे. तो भिंतीत खिळे मारणार, मी हातोडा त्यांत अडकवून झोके घेत पलीकडे जाणार. त्याने खिळा वेळेवर परत बोलावला नाही की आमची जी जुंपते, तिच्यात घरच्या सगळ्या बातम्या आपोआप निघतात.

गेमला सुरुवात आहे, शेवट आहे. बॅटल पास नाही, रोज लॉगिन केलंच पाहिजे असं नाही. २०२१ चा गेम ऑफ द इयर तोच होता. प्रकाशक कोण? सेव्हपॉइंट ज्यांच्यावर दात खाऊन आहेत तीच ईए. 😀 तेव्हा चिडायचंच तर रोज हजेरी मागणाऱ्या गेमवर चिडा, मल्टिप्लेअरवर कशाला?

घड्याळजी

इतिहासात डोकवायचं तर १९७२ चा पाँग दोघांचाच होता, समोर मशीनचा खेळाडू नव्हता. आमचा कॉन्ट्रादेखील दोघांचा, आणि भावाने माझी लाइफ उचलली म्हणून मारामाऱ्या झाल्यात. पुढे सायबर कॅफेत आयजीआय हा हेरगिरीचा गेम आला. त्यात मल्टिप्लेअर नाही, आणि मिशनच्या मधे सेव्हही नाही. शेवटच्या टॉवरवरच्या स्नायपरने टिपलं की पहिल्यापासून. तरी मागे चार जण उभे राहून "आधी कॅमेरा बंद कर" म्हणून ओरडायचे. सिंगल प्लेअर एकटेपणाने खेळलाय कोणी आपल्याकडे?

बग_शोधक

पुण्यात गेम टेस्टिंगमध्ये काम करतो, त्यामुळे थोडं आतलं. कंपनीचं नाव विचारू नका.

खर्चाबद्दल रश_बी बरोबर बोलतायत. सिंगल प्लेअरमध्ये आम्ही एक दालन सहा महिने तपासतो आणि खेळणारा ते चार मिनिटांत ओलांडतो. मल्टिप्लेअरमध्ये एकच नकाशा हजार तास पुरतो, कारण नवेपणा समोरचा माणूस पुरवतो. पण लाइव्ह सर्व्हिस स्वस्त, हे साफ चूक. तिथे खर्च प्रकाशनानंतर सुरू होतो. सर्व्हर, चीटर पकडणं, दर सीझनला नवा माल. नॉटी डॉगने लास्ट ऑफ असचा मल्टिप्लेअर डिसेंबर २०२३ मध्ये रद्द केला तेव्हा कारणही हेच दिलं होतं. तो चालवायचा तर सगळा स्टुडिओ वर्षानुवर्षं त्यालाच जुंपावा लागला असता आणि त्यांचे सिंगल प्लेअर गेम मागे पडले असते.

शिवाय लाइव्ह सर्व्हिसची स्पर्धा वेळेशी असते. फोर्टनाइटवर चार वर्षं स्किन (पात्रांचे पोशाख) जमवलेला पोरगा तुमच्याकडे येईल कशाला? त्याचे मित्रही तिकडेच. सिंगल प्लेअरवाला एक संपवून दुसरा घेतो. त्यामुळे नव्या स्टुडिओला शिरकाव इथेच सोपा आहे, हे उलटं वाटेल पण तसंच आहे. फ्रान्समधल्या माँपेलियेच्या सँडफॉलने २०२५ मध्ये क्लेअर ऑब्स्क्युअर काढला. मूळ चमू तिशीच्या घरातला, काही कामं बाहेरून करून घेतलेली. तीन दिवसांत दहा लाख प्रती आणि वर्षअखेर गेम ऑफ द इयर. पहिलाच गेम! पहिल्याच फटक्यात बॅटल रॉयाल (शेवटी उरेल तो जिंकला, असा ऑनलाइन गेम) काढून असं करून दाखवणारा तीस जणांचा स्टुडिओ मला तरी आठवत नाही.

घरचं उदाहरण द्यायचं तर दोन्ही वाटा पुण्यातच आहेत. नॉडिंग हेड्सचा राजी २०२० मध्ये आला. भाऊ गोलूला शोधायला निघालेली मुलगी, दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात. सिंगल प्लेअर. सुपरगेमिंगचा इंडस २०२४ मध्ये आला, बॅटल रॉयाल, मोबाइलवर. दोघांनी जीव ओतलाय. पण इंडसला पहिल्या दिवसापासून बीजीएमआय आणि फ्री फायरशी झुंजायचं होतं. राजीला तसा प्रतिस्पर्धीच नव्हता.

गल्लीबोळ

खर्च-नफा राहू द्या. मी पैसे दिले ती वस्तू माझी राहणार का?

द क्रू नावाचा युबिसॉफ्टचा गाड्यांचा गेम, २०१४ चा. अमेरिकाभर एकट्याने गाडी हाकत फिरता यायचं, तरी सतत इंटरनेट लागायचं. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, पैसे भरलेल्यांच्या हातात शून्य. त्यावरूनच स्टॉप किलिंग गेम्स मोहीम उभी राहिली, युरोपात जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांवर सह्या जमल्या. ईएच्या ॲन्थम या ऑनलाइन गेमचंही जानेवारी २०२६ मध्ये तेच झालं. माझ्या कपाटातली आयजीआयची सीडी मात्र अजून चालते.

रश_बी

म्हणजे वीस माणसं खेळत असली तरी कंपनीने सर्व्हरचं भाडं जन्मभर भरायचं? त्यापेक्षा सीडी चालवायला ड्राइव्ह कुठून आणलात ते सांगा.

गल्लीबोळ

भाडं कोण मागतंय? जाताना सर्व्हरचं सॉफ्टवेअर लोकांच्या हवाली करा किंवा ऑफलाइन चालेल असा शेवटचा पॅच द्या, एवढीच मागणी आहे. काउंटर-स्ट्राइक १.६ चे सर्व्हर लोक स्वतः चालवतात, आजही लॅनवर खेळता येतो. तुमचाच लाडका मल्टिप्लेअर आहे तो, आणि कुणा कंपनीच्या कृपेवर नाही.

सेव्हपॉइंट

गल्लीबोळ आणि चांदणी, दोघांमुळे माझा मुद्दा नेमका झाला. एकटा की चौघं यावर माझा वाद नाही. पुरा करून माझ्या हातात दिलेला गेम विरुद्ध भाड्याने दिलेला गेम, असा आहे. सिंगल प्लेअर बहुतेक वेळा पहिल्या बाजूला असतो, म्हणून त्याच्यासाठी भांडतो.

तरी 'सिंगल प्लेअरने जरा मल्टिप्लेअरकडून शिकावं' हा सल्ला मी घेणार नाही. ड्रॅगन एज: व्हेलगार्ड अपेक्षेइतका चालला नाही तेव्हा ईएच्या प्रमुखांनी हेच सुचवलं, की लोकांना कथेसोबत एकत्र खेळण्याची जगं हवी आहेत. तो गेम आधी काही वर्षं मल्टिप्लेअर म्हणूनच बनत होता, मग फिरवला. ते दुखणं त्यांनी मोजलं का? मुख्यतः एकट्याने खेळायच्या एल्डन रिंगमध्ये बघा, अनोळखी लोक जमिनीवर संदेश लिहून ठेवतात. "पुढे छुपा रस्ता" वाचून मी साध्या भिंतीवर तलवार आपटत बसलो आणि त्या लबाडाला मनापासून शिव्या दिल्या. एवढी सोबत मला पुरते.

रश_बी

चला, निदान शिव्या द्यायला तरी माणसं लागतात हे कबूल झालं!

पण एक विचारतो. इथे सिंगल प्लेअरसाठी गळा काढणाऱ्यांपैकी राजी पैसे देऊन किती जणांनी घेतला?

चांदणी

मी घेतला. मारामारी पुढे पुढे तीच ती वाटते आणि शेवट मधेच तुटल्यासारखा आहे. पण राजस्थानी महाल आणि मधली सावल्यांच्या बाहुल्यांची दृश्यं दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिली नव्हती.

सेव्हपॉइंट

घेतलाय. पूर्ण किमतीला.

पांढरा_रस्सा

मित्राकडून घेतलेला. कसा ते विचारू नका.

रश_बी

सेल लागला की बघतो.

बग_शोधक

सेलमध्ये घ्या, हरकत नाही. पण खेळून झाल्यावर दोन ओळींचं परीक्षण टाका, आणि हे सगळ्याच छोट्या गेमना लागू आहे. दहा परीक्षणं होईपर्यंत स्टीमवर गेमचा एकूण शेरासुद्धा दिसत नाही. पांढरा_रस्सा, तुमच्या मित्रालाही सांगा.