थकली की थकवली? प्रोबेशनचा खर्च आणि 'ऐपत'

तळटीप:
कॅलिफोर्नियातला 2018चा प्रोबेशन आदेश, म्हणजे आरोपीला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळं ठेवण्याचा, मराठीत आणते आहे. आरोपीकडून प्रोबेशनचा खर्च घ्यायचा, पण आधी 'अबिलिटी टू पे' बघून. मी 'ऐपत' लिहिलं, भाषांतर तपासणाऱ्यांनी 'देयक्षमता' केलं.

मुळाक्षर:
बरोबर केलं. ऐपत लग्नाच्या बैठकीत शोभते. प्रोबेशनला 'परिवीक्षा' चालते, मग देयक्षमता का नको?

वकिलीबाणा:
देय म्हणजे द्यायची रक्कम. क्षमता रकमेची का माणसाची? ऐपतच ठेवा. मात्र तिथल्या दंडसंहितेचं कलम 1203.1बी नुसती आजची ऐपत बघत नसे. सुनावणीपासून वर्षभरात काय मिळकत होईल, नोकरी लागेल का, हेही धरत. आधी प्रोबेशन अधिकारी आकडा काढणार, पटला नाही तर कोर्टापुढे सुनावणी. आदेशात 'सुनावणीचा हक्क सोडला' अशी ओळ असली तर गाळू नका, सगळं तिच्यावर असतं.

खडीसाखर:
मला 'खर्च'च खटकतो. कोर्टकचेरीचा वाटतो. वीजबिलात 'स्थिर आकार' असतो, तसा 'देखरेख आकार' म्हणा की.

वकिलीबाणा:
आकार ठरीव दराचा. इथे चौकशी, अहवाल आणि देखरेख यांचा वाजवी खर्च आहे. आपल्या 1958च्या परिवीक्षा कायद्यातलं कलम 5 खटल्याच्या खर्चाचं, त्याची वसुली दंडासारखी. कॅलिफोर्नियात प्रोबेशनचा खर्च ही प्रोबेशनची अट नव्हती, वसुली दिवाणी हुकूमनाम्यासारखी. 'न भरल्यास प्रोबेशन रद्द' लिहिलंत तर अर्थाचा अनर्थ. 1 जुलै 2021पासून तर तो खर्च थकबाकीसकट गेला.

तळटीप:
आदेशात दंड आणि नुकसानभरपाईही आहे. तिथे न भरण्याबद्दलच्या 'विलफुल'ला हेतुपुरस्सर म्हणू?

खडीसाखर:
कशाला? रक्कम थकली आणि रक्कम थकवली, क्रियापदातच सगळं आलं. अमेरिकेतला खटला बघा, बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया, 1983. दंड 500 डॉलर, भरपाई 250. बेअर्डनने उसने आणून 200 भरले, मग नोकरी गेली आणि 550 थकले. प्रोबेशन रद्द करून तुरुंगात धाडलं. तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं, थकले की थकवले ते आधी बघा. खटपट करूनही जमलं नसेल तर मुदत वाढवा, रक्कम कमी करा, समाजसेवा द्या. तेवढ्याने भागत नसेल तरच तुरुंग.

मुळाक्षर:
सरकारी मराठीत 'भरण्यात कसूर' म्हणतात.

खडीसाखर:
कसूर म्हटलं की दोष आधीच ठरला. मग चौकशी कशाची?

मुळाक्षर:
'थकबाकी'तली बाकी अरबी आहे, ती चालते. कसूरही अरबीच.

वकिलीबाणा:
अहो, मुद्दा अरबीचा नाही.

मुळाक्षर:
मग 'येणे' म्हणा. शुद्ध मराठी.

खडीसाखर:
येणे सावकाराचं, आरोपीच्या बाजूने ते देणं. आणि देखरेख आकाराचं काय झालं?