मदत हवी आहे: 31 ला विषम, 1 लाही विषम, तरी नो पार्किंगचं चलन

जुनीवॅगन

नमस्कार मंडळी. प्रकरण 500 रुपयांचं आहे, पण डोकं 5000 चं फिरलंय.

आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर सम-विषम पार्किंग आहे. एका बाजूला सम तारखांना गाडी लावायची, दुसऱ्या बाजूला विषम तारखांना. (गाव कुठलं ते लिहीत नाही. अशा पाट्या ज्यांच्या दारात आहेत त्यांना कळेलच.) 31 ऑक्टोबरला, शुक्रवारी रात्री, मी गाडी विषम बाजूला लावली आणि शनिवारी पहाटे बसने सातारला गेलो. शनिवारी 1 नोव्हेंबर, म्हणजे पुन्हा विषमच. गाडी हलवायचा प्रश्नच नव्हता. रविवारी 2 तारखेला भावाने किल्ली घेऊन ती समोर नेली. इथवर सगळं नियमात.

सोमवारी मोबाइलवर मेसेज आला: 1 नोव्हेंबर, सकाळी 10:42, नो पार्किंग, 500 रुपये. माझा अंदाज असा की ज्यांनी चलन केलं त्यांचा हिशोब "काल गाड्या इकडे होत्या, मग आज तिकडे हव्यात" असा सरळ होता. 31 नंतर 32 येत नाही हे लक्षात आलं नसावं.

ॲपवर तक्रार केली. चार दिवसांनी "चलन योग्य आहे" एवढंच उत्तर. फोटोत माझी नंबरप्लेट ठसठशीत दिसते, पाटी कुठेच नाही. आता पुढे काय? पैसे भरून मोकळा होऊ का? दोन वर्षांपूर्वी सिग्नलचं एक चलन भरलंय, ते यात धरतात का? आणि दाद मागायचीच तर कुठे?

आप्पा_पेठेतले

भरून टाका हो. 500 रुपयांसाठी दोन रजा घालवाल, पेट्रोल वेगळं. मी सात-आठ वेळा भरलेत. त्यातले तीन तरी माझे नसावेत.

रिक्षातून

आप्पा, तुमच्यासारखे आहेत म्हणून तर हे चालतं :)

जुनीवॅगन, आधी एक सांगा. मेसेजमधल्या लिंकवर क्लिक केलं नाहीत ना? चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवून खाती साफ करणारे सुटलेत. आमच्या सोसायटीत एकांचे गेले. चलन खरं आहे का ते ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकूनच बघा.

जुनीवॅगन

नाही, महाट्रॅफिक ॲपमध्येच पाहिलं. चलन खरं आहे, दुर्दैवाने.

कोर्टकचेरी

वकिली करते, पण हा सल्ला चहाच्या टपरीवरचा समजा. तीन गोष्टी विचारते.

पाटीवर शब्द काय आहेत? "विषम तारखेस पार्किंग" की "विषम तारखेस नो पार्किंग"? हसू नका. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, वर्षभर उलट बाजूला गाडी लावत होते.

चलनावर कलम कोणतं?

आणि गाडी कुणाच्या फाटकासमोर, बस थांब्याजवळ, कोपऱ्यावर किंवा झेब्रा पट्ट्यांजवळ तर नव्हती? तिथे तारीख कोणतीही असो, उभी करता येत नाही. तुम्ही तारखेवर भांडाल आणि ते फाटक दाखवतील.

जुनीवॅगन

आत्ता खाली जाऊन पाटी वाचून आलो. "पार्किंग फक्त विषम तारखेस." कलम 122/177 असं लिहिलंय. फाटक, थांबा, कोपरा काही नाही, मागे फक्त पिठाची गिरणी.

कोर्टकचेरी

मग बाजू चांगली आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 122 म्हणतं की धोका, अडथळा किंवा विनाकारण गैरसोय होईल अशी गाडी सोडू नये. 177 हे दंडाचं कलम आहे: पहिल्या वेळी 500 पर्यंत, पुढच्या वेळी 1500 पर्यंत. 2019 च्या दुरुस्तीनंतरचे हे आकडे आहेत. तुमचं सिग्नलचं जुनं चलन कोणत्या कलमाखाली होतं ते बघा. आणि आत्ताचं मुकाट भरलंत तर पुढच्या वेळी "हे दुसऱ्यांदा" म्हणायला त्यांच्याकडे नोंद राहते. म्हणून आप्पांचा सल्ला मला पटत नाही.

2021 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167अ आला. त्यानुसार कॅमेऱ्यावरच्या चलनासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही दाखवणारा फोटो, तारीख, वेळ आणि ठिकाण लागतं, आणि सूचना 15 दिवसांत निघावी लागते. तुमचं चलन मात्र हातातल्या यंत्राने केलेलं दिसतंय. तिथे हा नियम किती लागू होतो यावर वाद होऊ शकतो, त्यामुळे सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. तुमची खरी भिस्त कॅलेंडरवर आहे.

पहिल्या तक्रारीत काय लिहिलं होतंत?

जुनीवॅगन

(लाजत) दीड पान. नगरसेवक, खड्डे, पे अँड पार्क, सगळं आलं त्यात.

कोर्टकचेरी

तेच वाटलं. समोरचा माणूस दिवसाला किती तक्रारी वाचत असेल? चार ओळी लिहा. खड्डे तिथे नकोत.

पाटीवाचक

पूर्वी चलनाचे मेसेज निस्तरण्यात माझे बरेच रविवार गेलेत, त्यामुळे सांगतो: फोटो मोबाइलवर बघू नका. संगणकावर चलन उघडून मूळ आकारात बघा. बऱ्याचदा एकापेक्षा जास्त फोटो असतात आणि मोबाइलवर पहिलाच नीट दिसतो. मागे काय दिसतंय ते शोधा. दुकानाची पाटी, खांब, झाड, काहीही.

आता स्वतःचे फोटोही काढा: गाडी त्याच जागी उभी करून (विषम तारखेलाच, नाहीतर दुसरं चलन!) गाडी आणि पाटी एका चौकटीत. एका चौकटीत मावत नसेल तर गाडीपासून पाटीपर्यंत चालत, न थांबता व्हिडिओ.

तुकडाभाकर

डिसेंबरच्या लोकअदालतीपर्यंत थांबा की. आमच्या मेहुण्यांचे सगळे जुने दंड निम्म्यात मिटले.

कोर्टकचेरी

ज्यांची चूक झालीय आणि आकडा फुगलाय त्यांना लोकअदालत उत्तम. पण तिथे निवाडा नसतो, तडजोड असते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार एकदा तिथे मिटलं की त्यावर अपील नाही. जुनीवॅगन म्हणतायत की मी चुकलोच नाही. मग 250 तरी कशाचे?

दुसऱ्यांदाही तक्रार फेटाळली तर न भरलेलं चलन कोर्टात जाऊ शकतं. व्हर्च्युअल कोर्टात प्रकरण आलं की दोन पर्याय दिसतात: दंड भरा, किंवा लढा. लढा म्हटलं की ते नेहमीच्या कोर्टात जातं, आणि तिथे हजर राहावं लागतं. 500 रुपयांसाठी तिथवर जायचं का ते तुमच्या रजांवर आहे. त्याआधी एकदा वाहतूक पोलिसांच्या कचेरीत प्रत्यक्ष जाऊन भेटा, कागद हातात घेऊन.

जुनीवॅगन

पाटीवाचक, तुमचे पाय कुठे आहेत? तीन फोटो निघाले! मोबाइलवर एकच दिसत होता. तिसऱ्यात माझ्या गाडीच्या टपावरून गिरणीची अर्धी पाटी दिसते, "दळण कांडप" एवढं स्पष्ट वाचता येतं. गिरणी विषम बाजूला. म्हणजे माझा पुरावा त्यांच्याच फोटोत होता.

नवीन तक्रार टाकली. मजकूर असा:

"चलनाची तारीख 1/11/2025, विषम. गाडी विषम बाजूस उभी होती. आपल्याच फोटो क्र. 3 मध्ये मागे गिरणी दिसते. ती गिरणी आणि 'पार्किंग फक्त विषम तारखेस' ही पाटी एकाच बाजूस असल्याचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. चलन रद्द करावे."

आप्पा_पेठेतले

सहज मोजलं. 31 दिवसांचे महिने सात, म्हणजे वर्षात सात वेळा विषमनंतर विषम येतं. लीप वर्षात आणखी एकदा, 29 फेब्रुवारीनंतर 1 मार्च. आता माझी जुनी चलनं काढून तारखा बघतो.

रिक्षातून

आप्पा जागे झाले!

जुनीवॅगन

उशिरा लिहितोय, माफ करा. दुसऱ्या तक्रारीला दहा दिवस उत्तरच आलं नाही, म्हणून अर्धी रजा टाकून गेलो. खिडकीतल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, रोज बाजू बदलते." मी म्हटलं, "31 ला बदलत नाही, मॅडम." त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, मग शेजारच्या साहेबांना हाक मारली. साहेबांनी बोटं मोजली, खरंच मोजली. म्हणाले, अर्ज द्या. हाताने लिहिला, वर व्हिडिओतले दोन फोटो छापून जोडले, पोच घेतली. पोच मागितल्यावर चेहरा जरा उतरला, पण शिक्का मिळाला.

आठ दिवसांनी ॲपमध्ये बघितलं तर चलन नाही. मेसेज वगैरे काही आला नाही, नुसतं नाहीसं झालं. लोकअदालत 13 डिसेंबरला होऊन गेली, जावं लागलं नाही. कोर्टकचेरी ताई, पाटीवाचक, मनापासून आभार. आप्पा, तुमच्या तारखांचं काय निघालं?

आप्पा_पेठेतले

आठात एक 1 ऑगस्टचं आहे. पैसे भरून दोन वर्षं झाली. काही करता येईल?

कोर्टकचेरी

भरलेलं परत मिळवणं अवघड आहे, आप्पा. अर्ज करून बघायचा तर पावती शोधा.

जुनीवॅगन

आज 30 डिसेंबर. गाडी सम बाजूला आहे. उद्या सकाळी गिरणीसमोर नेतोय आणि परवा 1 जानेवारीला तिथेच ठेवतोय. व्हिडिओ मात्र आधीच काढून ठेवणार.