मदत हवी आहे: लाल एक्स्ट्रॅक्टमुळे एमटीटीचं (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी) रीडिंग गडबडतंय

कोकणातल्या मातीतून स्ट्रेप्टोमायसिस हा जिवाणू वेगळा केलाय, त्याचा इथाइल अ‍ॅसिटेट एक्स्ट्रॅक्ट (अर्क) एमसीएफ-७ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर तपासतोय. पण एक्स्ट्रॅक्टच गडद लाल आहे आणि ५७० नॅनोमीटरला (एमटीटीचा रंग याच तरंगलांबीला मोजतात) स्वतःच रीडिंग देतो, त्यामुळे जास्त डोसला मायक्रोस्कोपखाली पेशी सरळ मेलेल्या दिसतात आणि प्लेट रीडर म्हणतो जिवंत आहेत. पेशी नसलेल्या ब्लँकचं रीडिंग वजा केलं, एमटीटी टाकायच्या आधी पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) धुवूनही बघितलं, फारसा फरक नाही, रंग पेशींतच मुरतो बहुतेक. डीएमएसओ (एक्स्ट्रॅक्ट विरघळवायचा द्रावक) ०.५ टक्क्यांच्या आत आहे, पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध (तेही स्ट्रेप्टोमायसिसचंच, आणि लालच). फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी लेसरने तपासायची सोय) आमच्याकडे नाही. एसआरबी (पेशींतल्या प्रथिनांना रंग देऊन मोजणारी चाचणी) केलं तर पेशी फिक्स करून (प्लेटला पक्क्या चिकटवून) धुताना एक्स्ट्रॅक्टचा लाल रंग निघून जाईल का, की ट्रायपॅन ब्लूने (मेलेल्या पेशींतच शिरणारा निळा रंग) पेशी मोजणंच जास्त भरवशाचं?