मदत हवी आहे : ट्रिकस्टर नायकांची तुलना, प्रकरण परत आलंय, तातडीचं

रानजाई
कोणीतरी लवकर सांगा प्लीज. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण परत आलंय. वेगवेगळ्या पुराणपरंपरांमधले चार ट्रिकस्टर, म्हणजे लबाड-खोडकर नायक घेतलेत आणि आर्किटाइपल सायकॉलॉजीच्या (आदिप्रतिमांच्या मानसशास्त्राच्या) अंगाने तुलना करायची आहे. मी मोठा तक्ता केला होता, चोरी, थापा, रूप बदलणं, भूक, लैंगिकता, शेवट असे रकाने आणि प्रत्येकाच्या नावापुढे खुणा, खाली निष्कर्ष की हे चौघं म्हणजे सामूहिक छायेचीच (समाजाने आत दाबलेल्या बाजूचीच) चार रूपं. सरांनी तक्त्यावर आडवी रेघ मारून लिहिलंय, "ही यादी आहे, तुलना कुठे आहे?" आता यादी न करता तुलना करतात कशी? सोमवारी द्यायचंय. मानसशास्त्रज्ञ युंग वाचलाय, तो वाच म्हणून सांगू नका.

कवडसा
विषय कोणता? मानसशास्त्र, साहित्य की संस्कृत? एमए की पीएचडी? आणि ते चार कोण हे लिहिलंच नाहीयेस, आम्ही काय सांगणार.

रानजाई
एमए मानसशास्त्र. चौघं नेहमीचेच, कृष्ण, ग्रीकांचा हर्मीस, नॉर्स पुराणातला लोकी, पश्चिम आफ्रिकेतला आठ पायांचा कोळी अनान्सी.

गोदाकाठ
नेहमीचेच कसे? कृष्णाला लोकीच्या पंक्तीला बसवणं मला अजिबात पटलेलं नाही. लोकीने बाल्डर देवाचा बळी घेतला, तोही बाल्डरच्याच आंधळ्या भावाच्या हातात मिसलटोची काडी देऊन. आमचा कान्हा लोणी चोरतो ती लीला आहे. लीला आणि कपट यातला फरक ज्या सिद्धांताला दिसत नाही तो सिद्धांत आपल्याकडे आणायचाच कशाला? तुमच्या सरांनी रेघ मारली ती योग्यच मारली.

पारावरचा
गोदाकाठ, भागवतातल्या कान्ह्यापुरतं तुमचं ठीक आहे, पण महाभारतातल्या कृष्णाचं काय करणार? जयद्रथाच्या वेळचा सूर्यास्त, द्रोणांना सांगितलेलं अश्वत्थाम्याचं, कर्णाचं चाक रुतलेलं असताना अर्जुनाला बाण सोडायला लावणं, अर्जुनाकरवी भीमाला मांडीची खूण. तिथे लीला म्हणून सुटता येत नाही, गांधारीने तर तोंडावर शाप दिला, 36 वर्षांनी तुझं कुळ आपापसात लढून मरेल म्हणून, आणि त्याने तो हसून घेतला. रानजाई, तू कुठला कृष्ण घेतला आहेस?

रानजाई
दोन्ही. कृष्ण तो कृष्णच ना. कृपया वाद नको, मला पद्धत सांगा.

दीपमाळ
मी म्हणेन परदेशी मंडळी सोडा आणि खंडोबा घ्या. म्हाळसेशी सारीपाट खेळताना पण हरतो, 12 वर्षं घर सोडतो, चंदनपुरीला बाणाईच्या बापाकडे वेड्यासारखा चाकर म्हणून राहतो, मेंढरं धुवायला नदीवर नेतो आणि तिथे ती आपटून मारतो, मग बाणाईशी लग्न लावा म्हणजे जिवंत करतो म्हणतो. देव, चाकर, नवरा, लबाड सगळं एकाच अंगात. धनगरांच्या ओव्या ऐका, जेजुरीला गड चढताना बाणाईचं देऊळ पाहा. याच्यावर काम करायला आपली माणसं हवीत, अनान्सीवर करायला तिकडचे आहेत.

कवडसा
खंडोबा फार चांगला विषय आहे पण तिला सोमवारी प्रकरण द्यायचंय, नवा प्रबंध नाही.

मोरपंखी
इथे मानसशास्त्राची मंडळी दिसतायत म्हणून विचारते, माझा मुलगा सात वर्षांचा आहे, सरळ डोळ्यात बघून थापा मारतो आणि पकडला की हसतो. हे ट्रिकस्टर आर्किटाइप असू शकतं का? कोणाला दाखवू?

सांजवात
मोरपंखी, त्या वयाची बहुतेक मुलं थापा मारतात, त्यासाठी आर्किटाइप नको. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहिते.

रानजाई, तुझी मुख्य अडचण मला वेगळीच वाटते. तू शब्द वापरतेस आर्किटाइपल सायकॉलॉजी आणि लावतेस नुसता युंग. युंगचा तो लेख 1954 चा, पॉल रॅडिनने अमेरिकेतल्या विनेबागो आदिवासींच्या वाकजुंकागा या ट्रिकस्टरच्या कथा छापल्या त्या पुस्तकाला जोडलेला. त्याच्यासमोर जो ट्रिकस्टर होता त्याचा उजवा हात डाव्या हाताशी भांडतो, सुरीने कापाकापी करतो, दोन्ही हात आपलेच आहेत हे त्याला कळत नाही. म्हणून युंग म्हणाला की ही जाणिवेची फार जुनी, अर्धवट अवस्था, आणि समाजाची साठलेली छाया. वाकजुंकागाला ते शोभतं. हर्मीसला शोभतं का? तो सकाळी जन्मला, दुपारपर्यंत कासवाच्या पाठीची वीणा करून वाजवत होता आणि संध्याकाळी अपोलो देवाच्या 50 गायी उलट्या पावलांनी हाकत नेल्या. ती अर्धवट जाणीव नाही.

आर्किटाइपल सायकॉलॉजी हे नाव मानसशास्त्रज्ञ जेम्स हिलमनने 1970 च्या सुमारास युंगपासून वेगळं होताना घेतलं. त्याचा आग्रह असा की प्रतिमेला धरून राहा, तिला पटकन संकल्पनेत बदलू नका. 'कृष्ण म्हणजे छाया' म्हटलं की कृष्ण संपला, लोकी संपला, उरली छाया. तुझा तक्ता नेमकं हेच करतोय. सरांना बहुधा हे म्हणायचं असणार.

पारावरचा
हिलमनचं कौतुक मलाही आहे पण प्रतिमेला धरून राहा म्हणजे परीक्षेला काय लिहायचं? चार प्रतिमांची चार वर्णनं? मग ती परत यादीच झाली. युंग निदान काहीतरी विधान तरी करतो. शिवाय त्याच लेखात तो ट्रिकस्टरला तारणहाराचा पूर्वसूरीही म्हणतो, नुसतं छाया म्हणून थांबत नाही. ते लोक वाचत नाहीत.

सांजवात
वर्णनं नाहीत. एकच प्रसंग धरायचा, जो चौघांकडे आहे, आणि तो अगदी जवळून बघायचा.

रानजाई
चोरी?

सांजवात
चोरीवर खूप लिहून झालंय आणि अनान्सी आकाशदेवाकडच्या कथा चोरत नाही, किंमत देऊन विकत घेतो, तिथेच अडकशील. मी बांधणं घेईन.

ट्रिकस्टरला कोण बांधतं, कशाने, आणि ती गाठ टिकते का. भागवताचा दशमस्कंध, नववा अध्याय काढ. यशोदा त्याला उखळाला बांधायला जाते, दोरी दोन बोटं कमी पडते. घरातली अजून दोरी जोडते, परत दोनच बोटं कमी. घरातल्या सगळ्या दोऱ्या संपतात, ती घामाघूम होते, वेणीतली फुलं गळतात, गौळणी हसायला लागतात, आणि तिचे कष्ट बघून तो स्वतःहून बांधून घेतो. नंतर तसंच उखळ ओढत जाऊन यमलार्जुन ही जोडझाडं उन्मळून टाकतो, आत अडकलेले कुबेराचे दोन मुलगे सुटतात. म्हणजे बांधलेला कृष्ण दुसऱ्यांना सोडवतो.

आता हर्मीस. अपोलो चिडून त्याला बांधायला लवचिक फांद्या पिळतो, आपल्या निर्गुडीच्या जातकुळीतल्या झाडाच्या. त्या त्याच्या पायाशी गळून पडतात, तिथल्या तिथे मुळं धरतात आणि वाढत वाढत गायींवर पसरतात. अपोलो बघतच राहतो. मग हर्मीस वीणा वाजवतो, अपोलोला ती हवीशी होते, वीणेच्या बदल्यात गायी. गाठीच्या जागी सौदा येतो.

आणि लोकी. स्वतः जाळं विणतो, देव येताना बघून आगीत टाकतो, पण राखेत त्याची वीण दिसते, देव तसंच जाळं करतात आणि सामन मासा झालेल्या लोकीला त्याच जाळ्याच्या मदतीने धरतात. बांधतात ते त्याच्याच मुलाच्या आतड्यांनी, तीन शिळांवर, आणि ती आतडी लोखंड होतात. वर साप टांगलेला, बायको सिगिन भांडं धरून बसलेली, ते ओतायला गेली की विष तोंडावर पडतं आणि तो तडफडला की भूकंप. जगबुडीपर्यंत सुटका नाही. त्या जगाकडे लोकीशी सौदा करायला काही उरलेलंच नाही, यशोदाही नाही. हे तुझ्या 'शेवट' रकान्यातल्या एका खुणेत मावेल का?

गोदाकाठ
दोन बोटांचं तुम्ही काढलंत म्हणून सांगते. आमच्याकडे कीर्तनात बुवा सांगायचे, एक बोट भक्ताच्या प्रयत्नाचं आणि एक देवाच्या कृपेचं, दोन्ही भरल्याशिवाय तो बांधला जात नाही. हे लोकीच्या कथेत कुठे आहे? म्हणूनच मी म्हणते तुलना होत नाही.

सांजवात
हेच तर तुलनेत लिहायचं, गोदाकाठ. कुठे कृपा आहे, कुठे सौदा आहे, कुठे फक्त सूड आहे.

पारावरचा
हे पटलं. यात महाभारतातला कृष्णही बसतो आणि तिचा कुठला कृष्ण हा प्रश्नही सुटतो. उद्योगपर्वात तो शिष्टाई करायला हस्तिनापूरला जातो तेव्हा दुर्योधन, कर्ण, शकुनी, दुःशासन त्याला पकडून बांधायचा बेत करतात. सात्यकी ओळखतो, भर सभेत सांगतो, आणि कृष्ण विश्वरूप दाखवतो. आईला दोरी मिळते, दुर्योधनाला नाही. माझ्या मते अख्खं प्रकरण याच एका जोडीवर उभं राहील.

तिसरी_घंटा
गौळण का विसरताय सगळे? तमाशात मावशी आणि पेंद्या यांच्याशिवाय कृष्णाची थट्टा पुरी होत नाही. लबाडी तिथे एकट्याची नसते, पेंद्या, मावशी, समोरचं पब्लिक सगळ्यांची मिळून असते. पोथीतनं काढलेल्या देवावर मानसशास्त्र करता तेव्हा हसणारी माणसं गळतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, एखादी गौळण प्रत्यक्ष बघा मग लिहा.

दीपमाळ
आणि खंडोबा पणाने स्वतःच स्वतःला बांधून घेतो, तेही यात येतंच.

भुईनळा
वुखोंग कोणी घेतला नाही? चीनचा माकडराजा, बुद्ध त्याला डोंगराखाली 500 वर्षं दाबून ठेवतो, मग डोक्याला सोन्याचं कडं, गुरूने मंत्र म्हटला की आवळतं. तो आपला हनुमानच आहे, हे सिद्ध झालेलं आहे.

कवडसा
सिद्ध वगैरे काही नाही. चिनी विद्वान हू शी म्हणत होता की माकडराजा भारतातून आला, लेखक लू शुनला ते मान्य नव्हतं, तो चिनी जलराक्षसाकडे बोट दाखवत होता. पण कड्याचा मुद्दा चांगला आहे, तिथे बांधणं म्हणजे शिस्त लावणं.

रानजाई
पाचवा नको प्लीज!! मला अनान्सीचं सांगा. त्याला कोण बांधतं? मला तर कोणीच सापडत नाही, मग तो काढून टाकू का?

सांजवात
मुळीच काढू नकोस. अनान्सी बांधला जात नाही, तो बांधतो. आकाशदेव न्यामेने गोष्टींची किंमत सांगितलेली असते, अजगर, बिबट्या, गांधीलमाशा आणि रानपरी. त्यातला अजगर कसा धरतो बघ, असो नावाच्या बायकोशी मुद्दाम मोठ्याने वाद घालत जातो की हा फांदीपेक्षा लांब की आखूड, अजगर म्हणतो मोजा, फांदीला सरळ झोपतो आणि हा शेपटीपासून डोक्यापर्यंत गुंडाळत नेतो. सगळ्यात छोटा जीव सगळ्यात मोठ्याला बांधतो. आणि या कथा घानाच्या अकान लोकांबरोबर जमैकाला गेल्या त्या गुलामांच्या जहाजांतून. साखळीत बांधलेली माणसं ही गोष्ट सांगत होती. इथे 'समाजाची छाया' म्हणायचं तर कोणाच्या समाजाची, मळेवाल्याच्या की मजुराच्या? हा प्रश्न तुझ्या प्रकरणात आलाच पाहिजे, युंगच्या बाजूने लिही नाहीतर विरोधात.

पारावरचा
यावर एक पुरवणी. पश्चिम आफ्रिकेतलाच योरुबांचा एशू, चौरस्त्याचा देव, दोन बाजूंना दोन रंगांची टोपी घालून दोन मित्रांमधून चालत जातो आणि त्यांचं भांडण लागतं. बायबलचं योरुबा भाषांतर करताना बिशप क्राउदरने सैतानासाठी एशूचंच नाव वापरलं. ट्रिकस्टर म्हणजे छाया असं घाईने लिहिलं की आपणही जवळपास तेच करतो. एवढ्यासाठी मी सांजवात यांच्या बाजूला आलोय.

भुईनळा
तक्ता ठेवायचाच असेल तर आडव्या पानावर घ्या आणि कॉलमची रुंदी ऑटोफिट करा, माझाही असाच पानाबाहेर जात होता.

रानजाई
तक्ता काढलाय. चार उतारे सलग लिहिलेत, यशोदा, दुर्योधन, अपोलो, देवांचं जाळं, आणि पाचवा उलट्या दिशेने अनान्सीचा. आता एक सांगा, सरांना छाया हा शब्द हवाच आहे, मंजूर झालेल्या शीर्षकात आहे तो. शेवटी कुठे घालू?

सांजवात
शेवटी नको, सुरुवातीला घाल. पहिल्या पानावर युंगचं विधान नीट मांड, तारणहाराच्या मुद्द्यासकट. मग प्रत्येक उताऱ्यानंतर विचार की हे विधान इथे कुठवर टिकलं. लोकीपाशी बरंच टिकतं, त्याला गुहेत कोंडून ते जग स्वतःला शुद्ध समजतं आणि जमीन हादरतच राहते. यशोदेपाशी टिकत नाही. शीर्षक तसंच राहू दे.

गोदाकाठ
यशोदेचा उतारा लिहिलात तो इथे टाकाल का? तेवढा वाचायचा आहे.

रानजाई
टाकते रात्री. वेणीतल्या फुलांचं ठेवलंय त्यात.

मोरपंखी
सांजवात ताई, वेगळा धागा काढलाय, बघाल का?