निमशाल : तात्पर्य, बोध की दार्ष्टांतिक?

पैलतीर :
एका दिवाळी अंकाला काही ज्यू दृष्टांतकथा भाषांतर करून दिल्या होत्या. बहुतेक याकोव्ह क्रांझ (1741–1804) यांच्या. हे गावोगाव प्रवचनं करत हिंडणारे मग्गिद. दुबनो हे गाव आजच्या युक्रेनमध्ये येतं, आणि ‘दुबनोचा मग्गिद’ म्हणूनच त्यांना जग ओळखतं. या कथांना दोन अंगं असतात. सांगितलेली गोष्ट म्हणजे माशाल, आणि ती ज्याच्यासाठी सांगितली ते निमशाल. मला मराठी शब्द सापडेना, म्हणून निमशाल तसंच ठेवलं होतं. अंक हातात आला तर सगळीकडे ‘तात्पर्य’ झालेलं.

नुसता शब्द बदलला असता तर मी इथे धागा काढला नसता. ही गोष्ट बघा. एक सरदार खेड्यातून चाललेला असतो. एका कोठाराच्या भिंतीवर खडूची वर्तुळं, आणि प्रत्येकाच्या बरोब्बर मधोमध बाण. हा नेमबाज कोण म्हणून चौकशी करतो, तर एक पोरगा पुढे येतो. म्हणतो, मी आधी बाण मारतो आणि मग त्याच्याभोवती वर्तुळ काढतो.

याचं निमशाल असं : कुणीतरी मग्गिदांना विचारलं होतं की प्रत्येक विषयाला इतका चपखल दृष्टांत तुम्हाला मिळतो कुठून? ते म्हणाले, मीही त्या पोरासारखंच करतो. चांगली गोष्ट कानावर आली की जपून ठेवतो, आणि बोलता बोलता विषय तिच्यापाशी नेतो.

अंकात हे सगळं गाळून छापलंय, ‘तात्पर्य : युक्तीने अवघड काम सोपे होते.’ मला फार लागलं ते. तात्पर्य म्हणजे गोष्ट पिळून उरलेला रस. निमशाल म्हणजे गोष्टीतला कोण आपल्या जगातला कोण, ते जोडून दाखवणं. याला मराठीत काय म्हणायचं?

जुनी पोथी :
शब्द आहे, आणि सातशे वर्षांपेक्षा जुना आहे. दार्ष्टांतिक. महानुभाव पंथातल्या केशिराजबासांचा ‘दृष्टांतपाठ’ काढून बघा, चक्रधरस्वामींचे दृष्टांत आहेत त्यात. 114 दृष्टांत, आणि मांडणी ठरलेली : आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. आंधळे आणि हत्ती ही गोष्ट त्यात आहे. हत्ती कोणाच्या जागी आणि आंधळे कोणाच्या जागी, हे सांगायचं काम दार्ष्टांतिकाचं. तुमच्या निमशालचं नेमकं तेच काम. आपल्या घरात शब्द असताना हिब्रू शब्द तसाच का ठेवायचा?

फळा-खडू :
सर, शब्द बरोबर असेल, पण मी सातवीला शिकवते. दार्ष्टांतिक फळ्यावर लिहिला तर मुलं तो वाचतानाच अडखळतील, गोष्ट बाजूलाच राहील. ‘बोध’ काय वाईट आहे?

पैलतीर :
ताई, बोध म्हणजे पुन्हा तात्पर्यच. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे जातो ती गोष्ट घ्या. एका श्रीमंताकडे शेरडंमेंढरं मोप, शेजारच्या गरिबाकडे लेकीसारखी वाढवलेली एकच मेंढी. श्रीमंताकडे पाहुणा येतो आणि तो कापतो ती गरिबाची मेंढी. दावीद खवळतो, असल्या माणसाला मारलाच पाहिजे म्हणतो. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. संपलं. हे निमशाल. ‘दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये’ हा झाला बोध. बोध ऐकून दावीद मान डोलावून झोपायला गेला असता.

वसईची वाट :
आमच्या मराठी बायबलात येशूच्या अशा गोष्टींना ‘दाखला’ म्हणतात. पेरणाऱ्याचा दाखला. लहानपणापासून तोच कानावर आहे. आणि ‘नीतिसूत्रे’ म्हणून जे पुस्तक आहे त्याचं हिब्रू नाव मिश्ले, म्हणजे तोच माशाल शब्द.

फळा-खडू :
दाखला म्हटलं की मुलांना शाळा सोडल्याचा नाहीतर उत्पन्नाचा दाखला आठवतो हो.

वसईची वाट :
म्हणून शब्द टाकून द्यायचा का? ‘दाखला देणे’ म्हणजे उदाहरण देणे हे अजून सगळे म्हणतात. कचेरीने शब्द उचलला म्हणून तो आपला राहिला नाही असं नाही. आमच्या घरी आजही रोज रात्री एक दाखला वाचतात.

मूळशोध :
थोडं विषयांतर. माशाल आणि हिंदीतून आपल्या ओळखीचा झालेला ‘मिसाल’ ही भावंडं आहेत. अरबीत जिथे ‘थ’ तिथे हिब्रूत ‘श’ : तीनला अरबीत थलाथा, हिब्रूत शालोश. बैलाला थौर आणि शोर. अरबी मिथाल फारसी-उर्दूतून मिसाल झाला. मला तर वाटतं ‘मसलत’ही यातलीच असावी, कारण मसलतीत माणूस उदाहरणं देऊनच बोलतो.

जुनी पोथी :
मसलत नाही. तिचा धातू वेगळा, स-ल-ह. सुलह, मसलहत त्यातले. मिसालबद्दल मात्र तुमचं बरोबर.

मूळशोध :
मान्य. पण म्हणजे मिसाल हा जवळचा नातलग हाताशी असताना संस्कृतातून दार्ष्टांतिक कशाला आणायचा?

जुनी पोथी :
आणायचा नाही, तो इथलाच आहे. लीळाचरित्राच्या काळातल्या मराठीला तुम्ही बाहेरची म्हणता?

चौल ते अश्दोद :
शलोम. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. आठवीपर्यंत मराठीत शिकले, मग इथे इस्राएलला आलो. इथल्या शाळेत असली गोष्ट वाचून झाली की बाई विचारतात, ‘मा हानिमशाल?’, म्हणजे निमशाल काय? तात्पर्याला इथे निराळाच शब्द आहे, मुसार हस्केल. दोन्ही वेगळे धरतात, तेव्हा पैलतीर यांचं म्हणणं खरं आहे.

पण दृष्टांत या शब्दाबद्दल मला बोलायचंय. आमच्या घरी दृष्टांत सांगत नसत, दृष्टांत ‘व्हायचा’. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर खुणा आहेत, एलियाहू हनाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, रथ तिथून वर गेला असं आमची माणसं मानतात. आजी तिथे जाऊन नवस फेडायची, मलिदा करायची, आणि सांगायची की मला एलियाहू हनाबीने दृष्टांत दिला. तुमच्या लेखात ‘मग्गिदाला दृष्टांत सुचला’ असं असेल तर आजीला वाटलं असतं, ह्याला स्वप्न पडलं.

फळा-खडू :
अगदी! आमच्या गावाकडेही देवीने दृष्टांत दिला असंच म्हणतात. म्हणजे आधीचाच शब्द डळमळला.

चौल ते अश्दोद :
आणि परका शब्द, आपला शब्द यावरून भांडू नका बाबांनो. आमची माणसं सिनेगॉगला मशीद म्हणत आली. मुंबईच्या सॅम्युअल स्ट्रीटवरची 1796 ची ती ‘जुनी मशीद’. शब्द अरबी, प्रार्थना हिब्रू, बाहेर पडल्यावर गप्पा मराठीत. कुणाचं काही अडलं नाही.

आजी गोष्ट सांगून झाली की अर्थ सांगत नसे. म्हणायची, ‘आता लावून घे.’

पैलतीर :
ताई, हे मला सुचायला हवं होतं. आपण श्लोक लावतो, अर्थ लावतो, बोलणं मनाला लावून घेतो. नाथानाने दावीदला गोष्ट लावून दाखवली! नाम कशाला शोधत बसलो मी? ‘ही गोष्ट अशी लावायची’ एवढं प्रत्येक कथेखाली लिहिलं असतं तर चाललं असतं.

जुनी पोथी :
क्रियापद सुरेख आहे, पण पारिभाषिक शब्दाला नाम लागतंच. ‘या कथेचं लावणं’ म्हणणार का? शिवाय दृष्टांतपाठात सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे, दार्ष्टांतिक मात्र केशिराजबासांनी जोडलेलं. लावून दाखवणारा तिथे निराळा आहे, आणि शब्दाने तो फरक जपलाय.

मूळशोध :
म्हणजे बाण एकाचा, वर्तुळ दुसऱ्याचं.

वसईची वाट :
दाखल्याबद्दल कुणीच उत्तर दिलं नाही.

फळा-खडू :
ताई, तुमच्या आजी कोणत्या गोष्टी सांगायच्या?

चौल ते अश्दोद :
योसेफाची जास्त. तिचे वडील कीर्तन करायचे. 1880 च्या सुमारास आमच्या लोकांनी हरिदासांची कीर्तनं ऐकून आपली सुरू केली, अब्राहामाची, योसेफाची आख्यानं, साक्या, दिंड्या, ओव्या सगळं मराठीत. भावांनी योसेफाला विहिरीत टाकलं तिथे आजी अजून रडायची. पणजोबांच्या हातची वही धाकट्या मामाकडे आहे, इथेच लोदला.

जुनी पोथी :
ताई, वही आहे? मोडीत की बाळबोध?

चौल ते अश्दोद :
बाळबोध. मधेमधे हिब्रू. शब्बाथ झाला की मामाला फोन करते.

पैलतीर :
करा हो. आख्यान संपल्यावर पुढच्या भागाला त्यांनी काय मथळा दिलाय, तेवढं आधी बघून सांगा.